एसएसमध्ये ड्रिल का जळतं, आणि मग घ्यायचं कोणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिन्याच्या रेलिंगसाठी एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) ६ मिमी जाड बेस प्लेट आहेत, प्रत्येकीला १० मिमीची चार होलं पाडायची आहेत. हातातल्या ड्रिल मशीनवर तुम्ही साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं), मग सोनेरी ‘टायटॅनियम’वालं आणि शेवटी कोबाल्ट वापरून पाहिलं. पहिली दोन पहिल्याच प्लेटवर गेली. कोबाल्टनं थोडी जास्त होलं काढली, मग तेही निळं पडलं. आता दुकानदार कार्बाइडचं, म्हणजे स्टीलहूनही कडक मालाचं, ड्रिल घ्या म्हणतोय. शिवाय ट्रकच्या जुन्या पाट्याला (स्प्रिंगच्या पट्टीला) एक होल पाडायचंय आणि त्यावर तर ड्रिल नुसतं घसरतं. तर कडक धातूसाठी सगळ्यात चांगलं ड्रिल कोणतं?

कार्बाइडचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून ड्रिलचा दोष कमी आणि वेगाचा जास्त दिसतो. चुकीच्या वेगाला महागडं ड्रिलसुद्धा जळतंच, फक्त जरा उशिरा जळतं. आणि तुमच्या प्रश्नात दोन वेगळी प्रकरणं एकत्र झालीत. पाटा मुळातच कडक आहे. कारखान्यातून पाणी पाजून (लाल तापवून एकदम निववून) आणि टेंपर करून (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकं तापवून) आलेला. एसएसची प्लेट तुमच्या टेबलावर येते तेव्हा बऱ्यापैकी मऊ असते. ती कडक होते तुमच्या ड्रिलखाली. म्हणून दोघांचा इलाज वेगळा. आधी एसएसचं बघू, कारण होलांची संख्या तिकडे आहे.

रेलिंगला बहुतेक ३०४ ग्रेड वापरतात, स्वस्तातल्या मालात २०२. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि ड्रिलला ते आणखी त्रास देतं. या जातीच्या स्टीलची खोड अशी, की ते कापलं जात असतं तोवर निमूट कापलं जातं, पण घासलं की घासलेला थर जागच्या जागी कडक होतो. दुसरी खोड म्हणजे उष्णता वाहून न्यायला ते फार आळशी. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) मानानं ३०४ मधून उष्णता जेमतेम एक तृतीयांश वाहते. एमएसमध्ये होल पाडताना बरीचशी उष्णता प्लेटमध्ये पसरते आणि चिपबरोबर (निघणाऱ्या किसाबरोबर) निघून जाते. एसएसमध्ये ती तिथेच, ड्रिलच्या धारेपाशी साचते.

आता तुमच्या हातात काय होतं ते बघा. मशीन सुरू केलं, ड्रिल टेकवलं, ‘आधी जरा घर करू दे’ म्हणून हलका दाब दिला. एमएसवर ही सवय चालते. एसएसवर त्या दोन-तीन सेकंदांत ड्रिलनं काही कापलेलं नसतं, नुसतं घासलेलं असतं. होलाच्या तळाला एक चकचकीत टिकली तयार होते. मग तुम्ही दाब वाढवता, पण आता खाली मूळ प्लेट राहिलेली नसते, कितीतरी कडक झालेला थर असतो. ड्रिल किंचाळायला लागतं, टोक लाल होतं, धारेचे कोपरे गोल होतात. मग नवीन ड्रिल लावून त्याच होलात घातलं, की तेही त्याच टिकलीवर जाऊन मरतं. ‘तीन ड्रिलं गेली’ असं सांगणाऱ्यांची दोन ड्रिलं बऱ्याचदा पहिल्या ड्रिलनंच मारलेली असतात.

वेगाचं गणित एकदा करून ठेवा, जन्मभर पुरतं. ड्रिलच्या कडेनं मिनिटाला किती मीटर कापत जायचं ती संख्या घ्या, तिला ३१८ नं गुणा आणि ड्रिलच्या मिमीतल्या व्यासानं भागा, म्हणजे आरपीएम (मिनिटाचे फेरे) मिळाला. एचएसएस ड्रिलला एमएससाठी मिनिटाला २५ मीटरच्या आसपास चालतं, ३०४ ला १० ते १५. मी १२ धरून सुरुवात करतो. म्हणजे १० मिमी ड्रिलला १२ गुणिले ३१८ भागिले १०, सुमारे ३८० आरपीएम. तुमचं १० मिमी चकचं (ड्रिल धरणाऱ्या जबड्याचं) हातातलं मशीन पूर्ण ट्रिगरला बहुधा २६०० च्या पुढे फिरतं, लेबलवर आकडा असेल तो बघा. २६०० ला १० मिमी ड्रिलच्या कडेचा वेग मिनिटाला ८० मीटरच्या वर जातो. पाहिजे त्याच्या सहा-सातपट. इथे कोबाल्ट काय आणि दुसरं काय.

ट्रिगर अर्धा दाबून वेग कमी करता येतो, पण अशा मशीनचा जोरही त्याबरोबर पडतो, आतला पंखा मंदावतो आणि थोड्या वेळात मशीनच तापतं. एखाददुसऱ्या होलाला ठीक, पण रोजच्या कामाला हे बरोबर नाही. त्यापेक्षा १८ व्होल्टचं दोन गिअरचं कॉर्डलेस असेल तर ते पहिल्या गिअरवर टाका. तिथे ते चारशे-पाचशेच्या आतच फिरतं आणि जोर भरपूर असतो. हॅमर मोड बंद आहे ना, तेही बघून घ्या. कोबाल्टच्या धारेचे तुकडे पडायला हॅमरचे चार ठोके पुरतात. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे बेंच ड्रिल, टेबलावर उभं बसवलेलं. नसेल तर शेजारच्या वर्कशॉपमधल्या एखाद्या दादाकडे असतंच. त्याचं झाकण उघडून पट्टा मोटरच्या सगळ्यात लहान आणि स्पिंडलच्या सगळ्यात मोठ्या पुलीवर घ्या. खूप जणांच्या बेंच ड्रिलचा पट्टा विकत आणल्या दिवसापासून मधल्या खाचेत बसलेला असतो आणि ६ मिमी असो की १३ मिमी, सगळी ड्रिलं तिथेच फिरतात.

वेग कमी केला की दुसरी अर्धी गोष्ट दाबाची. ड्रिल टेकलं त्या क्षणापासून ते कापलंच पाहिजे. बेंच ड्रिलवर १० मिमीला एका फेऱ्यात ०.१५ मिमी खाली गेलं पाहिजे असं धरलं, तर ३८० आरपीएमला मिनिटाला ५७ मिमी होतात. तुमची ६ मिमी प्लेट आणि ड्रिलच्या टोकाची २ मिमी उंची, असे एकूण ८ मिमी. म्हणजे एक होल आठ-दहा सेकंदांत संपायला हवं. एका होलाला दोन मिनिटं लागत असतील तर त्यातला बहुतेक वेळ घासण्यात गेला असं समजा. थांबायचं असेल, तेल घालायचं असेल, चिप काढायची असेल, तर ड्रिल पूर्ण वर उचला. फिरत्या ड्रिलला होलात नुसतं टेकवून ठेवायचं नाही, कधीच.

नीट चाललंय की नाही हे चिप सांगते. दोन्ही फ्लूटमधून (ड्रिलवरच्या पिळाच्या खाचांतून) सारख्या जाडीच्या दोन गुंडाळ्या वर येत असतील, रंग चंदेरी किंवा फिक्कट पिवळसर असेल, तर सगळं बरोबर आहे. चिप निळी यायला लागली तर एचएसएस किंवा कोबाल्टसाठी वेग जास्त आहे. एकाच बाजूनं चिप येत असेल तर धार वाकडी लागलीय, एकच ओठ (कापणारी धार) सगळं काम करतोय. आणि नुसता भुगा येत असेल तर ताबडतोब थांबा, तुम्ही घासताय. या गुंडाळ्या लांब आणि ब्लेडसारख्या असतात, हातानं ओढू नका. हातमोजे घालून तर ड्रिलजवळ जाऊच नका, मोज्याचा धागा अडकला की बोटही आत जातं. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

हातातल्या मशीनवर दाबाची एक खरी अडचण आहे. ड्रिलच्या टोकावर दोन धारांच्या मधे जी आडवी रेघ असते, ती चिझल एज, ती कापत नाही. ती धातू चेपून बाजूला सारते. विळीची पाठ टोमॅटोवर दाबल्यासारखंच ते. लागणाऱ्या एकूण दाबातला निम्म्याच्या आसपास दाब तिथेच खर्च होतो. बेंच ड्रिलच्या दांड्याला तो देता येतो, खांद्यानं देणं कठीण. म्हणून हातानं करायचं असेल तर आधी ४ मिमीचा पायलट (वाट करून देणारं छोटं होल) पाडा, म्हणजे मोठ्या ड्रिलच्या चिझल एजला काम उरत नाही. पायलटला वेग वेगळा: त्याच सूत्रानं ४ मिमीला साडेनऊशे येतात. पायलट ६-७ मिमीचा करू नका. मग मोठ्या ड्रिलचे फक्त बाहेरचे कोपरे पायलटनं कडक करून ठेवलेल्या कडेवर चालतात, आणि कोपरेच सगळ्यात आधी जातात. बेंच ड्रिल आणि चांगल्या टोकाचं ड्रिल असेल तर ६ मिमी प्लेटला मी पायलट पाडत नाही, एका दमात १० मिमी काढतो.

सेंटर पंचसुद्धा हलक्या हातानं. एसएसवर हातोड्याचा दणका दिला की खळग्याचा तळ तिथल्या तिथे कडक होतो, आणि त्याच तळावर ड्रिल टेकणार असतं. खूण दिसेल इतकाच ठोका पुरे.

तेलाबद्दल लोक फार वाद घालतात. एसएससाठी बनवलेलं, गंधकयुक्त कटिंग ऑइल मिळालं तर तेच घ्या, थेंबाथेंबानं पण होलाच्या तळापर्यंत पोचेल असं घाला. बेंच ड्रिलला पंप असेल तर पाण्यात कालवून दुधासारखं होणारं सोल्युबल ऑइल चालतं, त्या पाण्याची धार मात्र सतत चालू हवी. मधेच बंद, मधेच चालू असं केलं तर ड्रिलच्या तापलेल्या धारेला तडे जातात. खोबरेल किंवा जुनं इंजिन ऑइल हे काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच. रॉकेल अॅल्युमिनियमवर छान चालतं. इथे नको, तापलेल्या ड्रिलवर पेट घेऊ शकतं. आणि तेल कितीही ओतलं तरी २६०० आरपीएम माफ होत नाहीत, धूर तेवढा जास्त निघतो.

आता येऊ ड्रिलकडे. मुद्दाम उशिरा येतोय.

साधं चांगलं एचएसएस, ज्याला एम२ म्हणतात, त्यात साधारण ६ टक्के टंगस्टन आणि ५ टक्के मॉलिब्डेनम असतं. धार सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापेपर्यंत ते कडकपणा टिकवतं. एम३५ म्हणजे त्यातच ५ टक्के कोबाल्ट, एम४२ मध्ये ८ टक्के. कोबाल्टमुळे तापल्यावर धार जास्त वेळ टिकते, ठिसूळपणाही थोडा वाढतो. कोबाल्ट हा मुलामा नसतो, अख्ख्या ड्रिलच्या धातूत मिसळलेला असतो. म्हणजे कितीही वेळा धार लावली तरी तो राहतो. सोनेरी ‘टायटॅनियम’ म्हणजे टायटॅनियम नायट्राइडचा काही मायक्रॉनचा थर. थर चांगला असेल तर एमएसमध्ये आयुष्य वाढतं हे खरं, पण एकदा ग्राइंडरवर धार लावली की टोकावरचा थर गेला. आणि फुटपाथवरच्या डब्यातल्या सोनेरी ड्रिलांत खाली कुठलं स्टील आहे हे देवाला ठाऊक. कोबाल्ट ड्रिलंही बऱ्याचदा फिक्या सोनेरी रंगाची असतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका. शँकवर (चकमध्ये धरायच्या दांड्यावर) एचएसएस-ई, को ५ किंवा एम३५ असं कोरलेलं आहे का ते वाचा.

कोरलेलंही खोटं असू शकतं. मुंबईचा नागदेवी स्ट्रीट असो की आमचं कोल्हापूरचं उद्यमनगर, चांगल्या नावांचे नकली डबे सगळीकडे फिरतात. त्यावर एक परीक्षा फुकट आहे. ड्रिलची शँक ग्राइंडरच्या चाकाला हलकेच टेकवा आणि ठिणग्या बघा, शक्यतो सावलीत. कार्बन स्टील असेल तर पिवळ्या-पांढऱ्या, फुलबाज्यासारख्या फुटणाऱ्या ठिणग्या येतात. खऱ्या एचएसएसच्या ठिणग्या मंद, नारिंगी-तांबूस, कमी आणि फारशा न फुटणाऱ्या असतात. काही ड्रिलांची शँक वेगळ्या स्टीलची जोडलेली असते, म्हणून शंका आली तर टोकाकडे तपासा. कार्बन स्टीलचं ड्रिल एसएसला लावूच नका, टोक निळं पडलं की त्याचा टेंपर (कडकपणा) संपला.

तुमच्या कामाला मी काय घेईन? १० मिमीचं एम३५, टोक १३५ अंशाचं आणि स्प्लिट पॉइंट. साधं ड्रिल ११८ अंशाचं असतं. १३५ जरा चपटं, त्यामुळे धार जवळजवळ एकदम पूर्ण कामाला लागते. स्प्लिट पॉइंटमध्ये ती मधली चिझल एज घासून अगदी छोटी केलेली असते, त्यामुळे दाब कमी लागतो आणि ड्रिल भटकत नाही. माझ्या मते एसएससाठी कोबाल्टपेक्षाही या टोकाचा फायदा मोठा. स्प्लिट पॉइंटचं साधं एम२ आणि ११८ अंशाचं कोबाल्ट यांतलं एक निवडायचं झालं तर हाताच्या मशीनला मी पहिलं घेईन. मिळालं तर आखूड, स्टब लांबीचं घ्या. १० मिमीचं नेहमीचं जॉबर ड्रिल १३३ मिमी लांब असतं, स्टब ८९ मिमी. ६ मिमी प्लेटला ती जादा लांबी फक्त वाकायच्या कामाची. एम४२ हाताच्या मशीनला नको. सॉलिड कार्बाइड तर मुळीच नको. ते अतिशय कडक आणि तितकंच ठिसूळ असतं, हात जरा तिरका झाला की तुकडे.

धार लावता येत असेल तर खर्च निम्म्यावर येतो. दोन्ही ओठ सारख्या लांबीचे, दोन्हींचा कोन सारखा, आणि ओठामागचा उतार एसएससाठी ८ ते १० अंश. उतार कमी पडला तर ओठामागची पाठ घासते आणि पुन्हा तीच टिकली. जास्त झाला तर धार पातळ होऊन तुटते. स्वस्तातलं ड्रिल गेज घ्या, डोळ्यानं ‘सारखं वाटतंय’ यात अर्धा मिमी सहज जातो. ग्राइंडरवर तापलेलं एचएसएस पाण्यात बुचकळू नका, बारीक तडे जातात. हवेत निवू द्या. आणि धार पूर्ण गेल्यावर लावायची अशी वाट बघू नका. कोपरा चमकायला लागला की थांबा, तेव्हा थोडं घासलं तरी भागतं.

ज्या प्लेटमध्ये आधीच टिकली झालीय त्या फेकू नका. प्लेट उलटी करून मागच्या बाजूनं, आरपार मोजून खूण करून, नव्या धारेच्या ड्रिलनं होल पाडा. मागची बाजू अजून मऊ आहे, आणि ड्रिल कडक थराला मागून भिडतं तेव्हा तो पातळ पापुद्रा उरलेला असतो. आरपार निघताना दाब कमी करा, नाहीतर ड्रिल खालच्या कडेत अडकून प्लेट गरगर फिरते. प्लेट क्लॅम्पमध्ये आणि खाली लाकडाचा ठोकळा, हे दोन्ही हवंच. मॅग्नेटिक बेसचं ड्रिल भाड्यानं आणायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, ३०४ ला चुंबक धरत नाही.

यातलं काय लागू पडेल हे शेवटी किती प्लेट आहेत त्यावर आहे. दहा-पंधरा असतील तर वरचं सगळं करा, होऊन जाईल. शंभर-दोनशे असतील तर ड्रिलच करू नका. एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याकडे ड्रॉइंग द्या, प्लेट होलांसकट कापून मिळतील. ६ मिमी जाडीत १० मिमी होल लेझरला किरकोळ आहे. ड्रिलं, तेल आणि कारागिराचे तास यांचा हिशेब मांडून बघा, बहुतेक वेळा लेझर स्वस्त पडतं. मी ड्रिलवर पोट भरणारा माणूस असून हे सांगतोय.

आता पाटा. आधी कानस लावून बघा. नवी कानस साधारण ६२ ते ६५ एचआरसी (कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) कडक असते. ती पाट्याला थोडी जरी धरली, बारीक कीस निघाला, तर कोबाल्टनं होल पडू शकतं. काचेवरून घसरावी तशी घसरली तर एचएसएस-कोबाल्ट विसरा. पाटे साधारण ४४ ते ४८ एचआरसीचे असतात, म्हणजे नेमके सीमेवरचे. बेंच ड्रिल, एम३५ किंवा एम४२, वेग मिनिटाला ६ मीटरच्या आसपास, म्हणजे १० मिमीला १९०. एवढा कमी वेग तुमच्या मशीनला नसेल तर ६ मिमीच्या ड्रिलनं ३२० ला सुरुवात करून बघा. जुनी युक्तीही एक आहे. भिंतीला होल पाडायच्या मेसनरी बिटच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा ब्रेझ केलेला (झाळून बसवलेला) असतो. विकत मिळतो तेव्हा तो बोथट असतो, कारण तो ठोकून फोडण्यासाठी आहे. हिरव्या सिलिकॉन कार्बाइडच्या किंवा डायमंड चाकावर त्याला ड्रिलसारखी तीक्ष्ण धार द्या, हॅमर बंद ठेवा, बेंच ड्रिलमध्ये घट्ट दाबानं चालवा. पाट्यातून तो जातो. होल फार सुबक येत नाही आणि निघताना तुकडा उडायची भीती असते, पण एका होलापुरतं भागतं. सीमेंटवर वापरलेल्या बिटचा तुकडा आधीच सैल असू शकतो, नवीनच घ्या.

गॅसनं लाल करून राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर निवू दिला तर पाटा मऊ पडतो आणि साध्या एचएसएसनंही होल पडतं. पाट्यापासून कोयता, पहार किंवा एखादा फिक्स्चर करायचा असेल तर खुशाल करा, नंतर लागलं तर पुन्हा पाणी पाजता येतं. पण पाटा गाडीलाच परत चढणार असेल तर तापवूही नका आणि नवीन होलही पाडू नका. तापवलेल्या जागी त्याची लवचिकता जाते, आणि होलाच्या कडेपासून तडा धरतो. गाडीचा पाटा कंपनीतून मधल्या बोल्टच्या होलासकट येतो. ते होल पाणी पाजण्याआधीच केलेलं असतं. तसा तयार पाटा स्पेअरमध्ये मिळतो, तोच आणा.